चिमीसाठी स्थळ

पेशंटचं तोंड बधिर झालं होतं, आणि बातमी सांगायची पाळी नेमकी त्याच्यावरच आली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खालच्या दाढेपाशी इंजेक्शन दिलं होतं आणि औषध चढेपर्यंत त्याला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं होतं. ती खिडकी मुद्दाम मोठी ठेवलेली. तिच्यातून मागच्या अंगणातलं तळं दिसायचं, तळ्यात फिरणारे चार रंगीत मासे दिसायचे, आणि त्यांच्याकडे बघता बघता माणूस आतल्या ड्रिलचा आवाज विसरून जायचा. बाईंची निम्मी प्रॅक्टिस त्या तळ्यावर चालते, असं त्यांचे यजमान म्हणायचे. उरलेली निम्मी खिडकीपाशी ठेवलेल्या सोफ्यावर. तो सोफा त्यांनी स्वतः बनवलेला होता. धंदाच तो होता त्यांचा. गल्लीत सगळे त्यांना सोफेवाले म्हणत.

पेशंट होता पोस्टमन. गळ्यात निळं कागदी लाळेरं, डोळे विस्फारलेले, असा तो आत धावत आला.

"आई!" तो ओरडला. त्याला 'बाई' म्हणायचं होतं, पण ओठ मिटत नव्हते. "आई, आसा आहेर!"

बाई खुर्चीवरच्या एका आजींच्या जबड्यात डोकावत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आहेर? कुणाचा आहेर?"

"आसा! आसा आहेर आलाय! उडी आरली!"

"फार दुखतंय का तुम्हाला?"

"अला नाही! आसा!"

पोस्टमननं कपाळावर हात मारला, बाईंच्या अ‍ॅप्रनची बाही धरली आणि त्यांना सरळ खिडकीपाशी ओढत नेलं.

तळ्यातली चिमी अंगणात फरशीवर पडली होती. शेपटीचे फटके मारत ती सासूबाईंच्या वाळत घातलेल्या गाऊनखाली सरकत चालली होती. बाई हातमोज्यांसकट धावल्या. अ‍ॅप्रन काढून तळ्यात बुडवला, चिमीवर टाकला आणि तिला धरायला गेल्या. चिमी त्यांच्या हातातून साबणाच्या वडीसारखी निसटली. मग पोस्टमननं शेपटीकडची बाजू धरली, बाईंनी डोक्याकडची, आणि दोघांनी मिळून, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी तिला पाण्यात सोडली. पाणी दोघांच्या नाकातोंडात गेलं.

"काय ओठी आहे!" पोस्टमन अर्ध्या तोंडानं हसत म्हणाला.

मोठी होतीच. आणली तेव्हा ती बोटाएवढी होती. तीन मासे विकत घेतले आणि दुकानदारानं चौथं पिल्लू वर टाकलं, इतकं ते मरतुकडं होतं. म्हणून तिचं नाव चिमी. आता चिमी बाईंच्या खांद्यापासून बोटांपर्यंत पुरायची, आणि रुंदीला सोफेवाल्यांच्या मांडीएवढी होती. बाकीचे तिघेही काही कमी नव्हते. इन्स्पेक्टरला काळ्या मिशा होत्या आणि तो कडेकडेनं गस्त घालायचा. टोमॅटो तोंडापासून शेपटीपर्यंत लाल. पावडर पांढरीफटक, कुणी डबा उपडा केल्यासारखी. दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं तळं, आणि त्यात हे चौघे. एकानं वळायचं ठरवलं की बाकीच्या तिघांना थांबावं लागायचं.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. सोफेवाले, बाई, सासूबाई आणि बाईंचे धाकटे दीर. भाऊजी पलीकडच्याच रस्त्यावर राहायचे, विजेची कामं करायचे आणि तळ्याचा पंप दुरुस्त करायला आठवड्यातून तीनदा तरी यायचे. कुठल्याही विषयावर त्यांची सुरुवात ठरलेली असायची.

"मला माहितीये काय करायचं," भाऊजी म्हणाले. "नदीत सोडून द्यायचे."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "नदीतल्या बारक्या माशांचं काय? त्यांची अंडी खातील, तळ उकरून सगळं पाणी गढूळ करतील. आपली अडचण नदीच्या गळ्यात नाही घालायची."

"मग तळं मोठं करू."

"कुठे करता, भाऊजी? एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला भिंत."

चिमीवर सासूबाईंचा फार जीव. सकाळी खुर्ची टाकून तळ्याकाठी बसायच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या तक्रारी तिच्याकडे करायच्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आज ती फरशीवर पडली. उद्या घरात कुणी नसताना पडली तर? चांगलं घर बघा. मी मन घट्ट करीन."

सोफेवाल्यांनी जाहिरात दिली. 'मोठे रंगीत मासे, प्रेमळ माणसांना, फुकट.' फोन सासूबाई घ्यायच्या. पहिल्यानं विचारलं, एकेकाचं वजन किती. दुसऱ्यानं विचारलं, किती जणांना पुरतील. सासूबाईंनी त्याला असं काही सुनावलं की आत ड्रिल थांबलं. तिसऱ्याकडे काचेची पेटी होती. "पेटीत काय शोभेला ठेवताय?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही राहाल का पेटीत?"

चौथा फोन आला तो कोचबाईंचा. त्या फोनवर फार बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "बघायला येते," आणि आल्या.

उंच, सडपातळ, केस मुलांसारखे कापलेले, गळ्यात शिट्टी. आयुष्य पोहायला शिकवण्यात गेलेलं. त्यांच्या क्लबचा नवा पोहण्याचा तलाव छताखाली झाला, तेव्हा जुना, उघड्यावरचा, बुजवायला निघाले होते. कोचबाई म्हणाल्या, मला द्या. तेव्हापासून त्यात कमळं होती, पाणी गाळायची यंत्रं होती आणि लोकांच्या घरात न मावणारे मासे होते. आधीचे सात.

त्या तळ्याकाठी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग प्रश्न सुरू झाले.

"पाणी किती खोल तुमच्याकडे?"

"एका टोकाला कमरेएवढं, दुसऱ्या टोकाला माझ्या डोक्यावर."

"आधीचे सात आहेत म्हणालात. स्वभावानं कसे?"

"शांत आहेत. एक जरा खादाड आहे."

"घरात व्यसन वगैरे?"

"आई!" सोफेवाले म्हणाले.

"मासे दारू पीत नाहीत, आणि मीही नाही," कोचबाई गंभीरपणे म्हणाल्या. "आता माझे प्रश्न. कुणाला काही आजार? अंगावर फोड, डाग?"

"डाग आहे, पण तो जन्माचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि उलट शोभतो तिला."

पसंती झाली. कोचबाईंनी जाताना बजावलं, "रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत न्यायचे. त्याआधी तीन दिवस खायला काही घालायचं नाही. पोट रिकामं असलं म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. एक कणसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," चौघेही एका सुरात म्हणाले.

तिघांना न्यायला जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या मिळाल्या. त्यांत थोडं पाणी, वर प्राणवायू, आणि तोंड रबरानं बांधायचं. प्राणवायूचा सिलिंडर दवाखान्यात होताच. पण चिमी कुठल्याही पिशवीत मावेना. दोन दिवस सोफेवाले वर्कशॉपमधून घरी जेवायलाही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात लावून त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं.

टेम्पोत एक सोफा होता. तिघांना बसायचा, हिरवा, खाली सामान ठेवायची पेटी असलेला. कुणी गिऱ्हाईक ऑर्डर देऊन परागंदा झालं होतं. बैठकीचं झाकण उचललं की आत पेटीभर ताडपत्री, कडा चिकटवून पक्क्या केलेल्या, आणि ताडपत्रीमागे चारी बाजूंनी फोम.

"धक्का लागला तरी अंगाला खरचटणार नाही," सोफेवाले म्हणाले.

"मासा सोफ्यातून न्यायचा?" बाईंनी विचारलं.

"आरामात जाईल."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ह्याच माणसाशी आपण लग्न केलं, आणि बरं केलं, असं त्यांना फार दिवसांनी अगदी स्पष्ट वाटलं. पण त्या म्हणाल्या एवढंच, "झाकणाला भोकं पाडा."

रविवारी कोचबाई मऊ जाळी घेऊन हजर झाल्या. तळ्यातलं पाणी गुडघ्याएवढं उतरवलं. सोफेवाले पँट वर दुमडून आत उतरले आणि उतरल्या उतरल्या शेवाळावरून घसरून बसले. इन्स्पेक्टर त्यांच्या मांडीवरून गेला. "पकडा, पकडा!" भाऊजी काठावरून ओरडत होते. "दादा, मला माहितीये, डावीकडून घे!" दादांनी डावीकडून घेतलं आणि भाऊजींच्याच पायाला जाळी लागली. तेही आत. शेवटी कोचबाई कुणालाही न ओरडता पाण्यात उतरल्या, जाळी संथपणे तळाशी सरकवली आणि एकेकाला असं अलगद कडेला आणलं की बघणाऱ्याला वाटावं, मासेच त्यांना भेटायला आले.

अंधारात मासे शांत राहतात, म्हणून पिशव्या भरायचं काम मागच्या कोठीच्या खोलीत ठेवलं होतं. खिडकी बंद, पडदा ओढलेला. चिमी, इन्स्पेक्टर आणि टोमॅटो मोठ्या टबांत थांबले होते, आणि पावडर पहिल्या पिशवीत होती. पिशवीचं तोंड धरून सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. भाऊजींनी दवाखान्यातली गॅसची ट्रॉली ढकलत आणली.

आता त्या ट्रॉलीबद्दल सांगायला हवं. तिच्यावर दोन सिलिंडर होते. एक प्राणवायूचा. दुसरा हसवणाऱ्या वायूचा. दाताच्या खुर्चीला घाबरणाऱ्या मुलांना बाई तो अगदी थोडा, प्राणवायूत मिसळून देत. मुलं सैल पडत, खुदखुदत आणि दाढ भरून होई. ट्रॉलीला दोन चाव्या होत्या, पांढरी आणि निळी.

"पांढरी, भाऊजी. फक्त पांढरी," बाई टबावर वाकून टोमॅटोला जाळीत घेत म्हणाल्या.

"वहिनी, मला माहितीये," भाऊजी म्हणाले, आणि दोन्ही फिरवल्या.

नळी पिशवीत धड बसत नव्हती. वायू निम्मा पिशवीत आणि निम्मा खोलीत जात होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "पावडर बघा कशी हसतेय माझ्याकडे बघून."

"मासे हसत नाहीत, आई."

"हसतेय म्हणते ना! गालाला खळी पडली बघ!" आणि सासूबाईंना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलवून. "तीन दिवस उपाशी ठेवली म्हणे! उपाशी! अगं, उपाशी कुठली! मी रोज सकाळी घालत होते! मूठभर!"

कोचबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. त्या रागावणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचे ओठ थरथरले आणि त्या एकदम खिंकाळल्यासारख्या हसल्या.

"आई, तूसुद्धा?" सोफेवाले म्हणाले.

"सुद्धा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... मी आपला वर्कशॉपला जाताना. थोडंसं. चिमी अशी बघते ना माझ्याकडे!" ते टबाला टेकून खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. "वर्षानुवर्षं घालतोय! मला वाटायचं, मी एकटाच!"

"दादा," भाऊजी भिंतीला धरून म्हणाले, "पंपाला कधीच काही झालेलं नव्हतं!"

"काय?"

"पंप! पंप ठणठणीत आहे! मी यायचो ते त्यांना खाऊ घालायला! आठवड्यातून तीनदा! घरून डबा आणायचो!"

आता सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई दवाखान्यात कडक समजल्या जात. गोड खाणाऱ्या मुलांना त्या असं काही बोलत की मुलं महिनाभर चॉकलेटकडे बघत नसत. त्यांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला.

"शेवटचा पेशंट गेला की," त्या म्हणाल्या, "मी... जरासं..." आणि पुढचं काही बोलता येईना. त्या जाळीवर डोकं टेकून हसत राहिल्या.

"म्हणजे हे मासे," कोचबाईंनी श्वास घेत घेत हिशोब जमवला, "चार वेळा जेवायचे! आणि तुम्ही मला विचारलंत, व्यसन आहे का!"

ह्यावर सासूबाई स्टुलावरून पडायच्याच बाकी राहिल्या. सोफेवाल्यांनी त्यांना धरलं आणि दोघं मायलेक एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. हसता हसता बाईंची नजर ट्रॉलीवर गेली. कुठला वायू किती सुटतोय ते दाखवणाऱ्या काचेच्या दोन नळ्यांत दोन गोळ्या तरंगत होत्या. एकच तरंगायला हवी होती.

"भाऊजी!" त्या ओरडल्या. "निळी! निळी चावी! ही... ही हसण्यासारखी गोष्ट नाहीये!" आणि हे वाक्य त्यांना इतकं विनोदी वाटलं की चावीपर्यंत पोचायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. पण त्या पोचल्या. निळी बंद केली, पांढरीही केली, पडदा बाजूला सारला, खिडकी सताड उघडली आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. आधी सासूबाईंना.

पाच जण अंगणातल्या फरशीवर पडून राहिले. वर आभाळ स्वच्छ होतं. हळूहळू हसू ओसरलं, मग कुणीतरी "पंप!" म्हणालं आणि पुन्हा आलं.

"गॅसचा अंमल पूर्ण उतरल्याशिवाय टेम्पोला कुणी हात लावायचा नाही," बाई आडव्या पडूनच म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा सासूबाईंची नाडी बघितली, मग सगळ्यांची. नवऱ्याची जरा जास्त वेळ बघितली.

"ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाडी की मी?" सोफेवाले म्हणाले.

पावडरला काही झालं नव्हतं. ती जरा सुस्तावल्यासारखी दिसली, ताज्या पाण्यात घातल्यावर लगेच हुशार झाली. सगळ्यांची डोकी ताळ्यावर आल्याची खात्री झाल्यावर बाईंनी पिशव्या नव्यानं, स्वतःच्या हातानं भरल्या. भाऊजींना ट्रॉलीपासून दूर, फाटकापाशी उभं केलं होतं. कोचबाईंनी मात्र तळ्याच्या पाण्याचे चार मोठे कॅन टेम्पोत चढवले. "पोटं भरलेली आहेत," त्या म्हणाल्या. "सोफ्यातलं पाणी वाटेत बदलावं लागणार."

लागलंच. शहराबाहेर पडायच्या आधीच भोकांतून वास यायला लागला. सोफेवाल्यांनी टेम्पो कडेला घेतला, पेटीच्या तळाचं बूच काढलं, आणि सोफ्याखालून हिरवट पाण्याची धार रस्त्यावर लागली. धारेच्या मागोमाग वाहतूक हवालदार आला.

"हे काय आहे?"

"सोफा," सोफेवाले म्हणाले.

"सोफ्यातून पाणी का येतंय?"

"बदलतोय."

हवालदारानं टेम्पोत नजर टाकली. मागे फळीवर एक म्हातारी बाई फुगलेली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि पिशवीशी बोलत होती. तिच्या शेजारच्या बाईंच्या केसांत शेवाळ होतं. "झाकण उघडा," हवालदार म्हणाला.

झाकण उघडलं. चिमीला उजेड दिसला आणि तिनं शेपटीचा असा फटकारा दिला की हवालदाराची टोपी भिजली. तो मागे सरकला, मग पुढे झाला, मग वाकून बघू लागला.

"पलंगात मासा आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

"सोफ्यात," सोफेवाल्यांनी दुरुस्ती केली. धंद्याच्या शब्दांबाबत ते काटेकोर होते.

"कुठे नेताय हिला?"

"मोठ्या घरी," सासूबाई मागून म्हणाल्या, आणि मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

हवालदारानं टोपी पिळली, डोक्यावर घातली, रस्त्याच्या मध्यभागी जाऊन दोन्ही हात पसरून गाड्या थांबवल्या आणि टेम्पोला वाट करून दिली.

क्लबच्या मागे, उंच झाडांच्या आत, तो जुना तलाव होता. निळ्या फरश्या, तळावर पोहणाऱ्यांसाठी आखलेले लांबलचक काळे पट्टे, एका कोपऱ्यात कमळांची पानं. पाण्यात उतरायला रुंद पायऱ्या. आधीचे सात मासे दूरवर, खोल बाजूला, सावल्यांसारखे हलत होते.

पिशव्या आधी नुसत्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हावं म्हणून. मग एकेक उघडली. चिमीला ताडपत्रीच्या झोळीतून खाली आणलं. एक टोक कोचबाईंच्या हातात, दुसरं सासूबाईंच्या. सासूबाईंना नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्या गाऊनसकट पायऱ्या उतरल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि झोळी खाली केली.

चिमी बाहेर आली आणि गोल फिरायला लागली.

एक फेरी, दुसरी, तिसरी. घरच्या तळ्याएवढीच. तिच्यापाठोपाठ इन्स्पेक्टर, मग टोमॅटो, मग पावडर. एवढा मोठा तलाव समोर पसरलेला, आणि ते चौघे दोन पलंगांएवढ्या जागेत एकमेकांना वाट देत फिरत होते.

"त्यांना कळतच नाहीये," बाई म्हणाल्या.

"थांबा," कोचबाई म्हणाल्या.

सासूबाईंना थांबवेना. त्या चिमीच्या बाजूनं पाण्यातून दोन पावलं पुढे गेल्या आणि पाण्यावर तळवा आपटत म्हणाल्या, "अगं चल की! भिंत नाहीये तिथे! चल, चल!"

चिमी वळणावर आली. नेहमीच्या ठिकाणी वळायचं, ते ती वळली नाही. थोडी पुढे गेली. थबकली. आणखी थोडी. खाली तो काळा पट्टा होता, तिनं जणू तो धरला, आणि शेपटीचा एक मोठा, सावकाश झोका दिला. मग दुसरा. मग चिमी निघाली.

इतक्या वर्षांत तिला सरळ पोहताना कुणीच पाहिलं नव्हतं. ती केशरी आणि पांढरी, लांब, वेगानं, पाण्याच्या पोटातून जात राहिली, जात राहिली, आणि तलाव संपेना.

"गेली! ए, गेली!" भाऊजी ओरडले आणि काठावरून तिच्याबरोबर पळायला लागले. त्यांच्यामागे सोफेवाले, ओली पँट सावरत. त्यांच्यामागे बाई, चपला हातात घेऊन. कोचबाईंनी सवयीनं शिट्टी फुंकली. "काठावर पळायचं नाही! पळू नका!" आणि शिट्टी तोंडात तशीच ठेवून त्याही पायऱ्या चढून पळत सुटल्या, प्रत्येक पावलाला शिट्टी वाजत.

चिमी पलीकडच्या भिंतीशी पोचली, एक ऐटदार गिरकी घेतली आणि परत निघाली. इकडून टोमॅटो निघाली होती, तिच्यामागे पावडर. इन्स्पेक्टरनं आपलं कडेकडेनं जायचं सोडलं नव्हतं, पण आता कडच एवढी लांब होती की तो कुठल्या कुठे दिसेनासा झाला. काठावरची चौघं वळून पुन्हा पळत आली, धापा टाकत, एकमेकांच्या अंगावर आदळत. ह्या वेळी कुठलाही गॅस नव्हता.

"आई, पाहिलंस का?" सोफेवाले ओरडले. "आई?"

आई पायऱ्यांजवळच्या दांडीला धरून पाण्यावर आडव्या झाल्या होत्या. गाऊन फुगून त्यांच्याभोवती छत्रीसारखा पसरला होता. पाय वर आले होते आणि त्या स्वतःच्या पायांकडे फार कौतुकानं बघत होत्या.

"माझे गुडघे दुखत नाहीयेत," त्यांनी जाहीर केलं. "ह्यात गुडघे दुखतच नाहीत! मला कुणी सांगितलं का नाही?"

"दांडी सोडू नका!" बाई म्हणाल्या आणि होत्या तशा पायऱ्या उतरल्या. अर्ध्या वाटेत त्यांना मोबाइल आठवला, तो त्यांनी मागे न बघता नवऱ्याच्या हातात दिला. त्या सासूबाईंपाशी पोचल्या, पाठीखाली हात धरला, आणि पाणी कमरेशी आल्यावर त्यांच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की दवाखान्यात तसा आवाज फक्त पेशंट काढत. भाऊजी "मला माहितीये पोहायला" म्हणत धपकन पडले. घड्याळ आणि पाकीट त्यांनी आधी दादाकडे सरकवलं होतं. कोचबाईंनी शिट्टी काढून तीही सोफेवाल्यांच्या गळ्यात अडकवली आणि सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला उतरल्या.

"मान सैल सोडा," त्या म्हणाल्या. "आभाळाकडे बघा. पोट वर."

"पोट वरच असतं माझं," सासूबाई म्हणाल्या.

चिमी एक लांब फेरी मारून आली, त्यांच्या पाठीखालून गेली आणि पुन्हा खोल बाजूला निघून गेली. सासूबाई इतक्या हसल्या की बुडता बुडता राहिल्या.

सोफेवाले काठावर एकटेच उभे होते. हातात दोन मोबाइल, एक घड्याळ, एक पाकीट, आईचा चष्मा, बायकोच्या चपला. गळ्यात शिट्टी. त्यांना पोहता येत नव्हतं आणि आजवर हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग सगळं सामान नीट गवतावर मांडून ठेवलं, चष्मा सर्वांत वर, आणि पहिल्या पायरीवर एक पाऊल टाकलं.

"गार आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप!" बाई ओरडल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या अंगावर पाणी उडवलं. "उतरा लवकर!"